कोठाईचा वसा आणि हलवायाची लेक

ऐका कोठाई माते, तुमची कहाणी. आयाबायांनो, तुम्हीही ऐका. हातातलं काम खाली ठेवा, मांडीवरचं मूल जागं असेल तर त्यालाही ऐकू द्या.

आटपाट म्हणतात तसलंच एक नगर होतं. नगराला वेस, वेशीवर मारुती, मारुतीच्या डाव्या हाताला हलवायांची आळी. त्या आळीत केरोबा हलवाई राहत होता. त्याच्या पेढ्याची कीर्ती अशी, की लग्न ठरलं की आधी केरोबाकडं निरोप जाई आणि मग भटजीकडं. भट्टी कधी विझत नसे, कढई कधी रिकामी नसे. घरात दूध घागरी घागरी येई, साखर पोत्यांनी येई. त्याची बायको मथुरा. आई आवडाबाई. आणि नवसासायासांनी झालेली एकुलती एक लेक, रेवू.

लेक सात वर्षांची होती. गोरीगोमटी होती, बोलकी होती. पण काय बाई सांगू, अंगाला मांस म्हणून नव्हतं. हातपाय काड्या, आणि पोट ढोलकीगत टम्म. जिभेवर पांढरा थर. पंधरवडा भरला की ताप यायचा. पौर्णिमेला उतरला की अमावास्येला हजर, अमावास्येला उतरला की पौर्णिमेला हजर. तीन दिवस अंग भट्टीसारखं तापे, पोट दुखे, पोर कण्हे. चौथ्या दिवशी ताप उतरे. उतरला की आवडाबाई लगबगीनं उठत.

"पोर वाचली गं बाई! तोंड गोड करा तिचं."

मग पेढा यायचा. पेढ्यामागून बर्फी यायची. बर्फीमागून बत्तासे यायचे. भाकरी पुढं केली की रेवू तोंड फिरवी. भाजी पुढं केली की ओठ मिटी. रडली की आजी जिलबी हातात देई. मथुरा बघत राही. म्हणे, काही तरी पोटात गेलं, एवढं पुरे.

असं करता करता वर्ष गेलं. मथुरेच्या जिवाला घोर लागला. मग तिनं काय केलं? आधी दृष्ट काढली. मीठमोहऱ्या ओवाळल्या, अंगारा लावला, दंडात काळा दोरा बांधला. ताप उतरला. घरात आनंद झाला, पेढे वाटले. पंधरा दिवसांनी ताप परत आला.

मग शेजारणी म्हणाल्या, "पोरीला शक्ती नाही. दाबून खाऊ घाल." मथुरेनं बदाम वाटले, तुपात शिरा केला. पोरीचं नाक धरून घास कोंबला. पोरीनं ओकून टाकला. पुन्हा कोंबला. ताप उतरला. घरात आनंद झाला, पेढे वाटले. पंधरा दिवसांनी ताप परत आला.

मग गावोगाव फिरणारा एक जडीबुटीवाला आळीत आला. म्हणाला, "पोरीचा कोठा घाण झालाय. धुऊन काढतो." त्यानं जमालगोट्याची गोळी दिली. पोर दिवसभर जुलाबानं निथळली. संध्याकाळी नुसतं चिपाड उरलं. डोळे खोल गेले, आवाज बसला. यावेळी कुणी पेढे वाटले नाहीत. आणि पंधरा दिवस कसले, आठव्या दिवशीच ताप परत आला.

नगरात त्रिंबकशास्त्री नावाचे वैद्य होते. वयानं वृद्ध, बोलणं तिखट, हाताला गुण. मथुरा पोरीला कडेवर घेऊन पुन्हा त्यांच्याकडं गेली. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोटावर बोटं वाजवून पाहिली. पुडी दिली आणि म्हणाले, "मथुराबाई, मागच्या खेपेला औषध दिलं होतं. घेतलंत?"

"घेतलं, शास्त्रीबुवा. दोन दिवसांत ताप उतरला."

"आणि पथ्य सांगितलं होतं. ते?"

मथुरा खाली बघायला लागली.

"औषध घेतलंत, पथ्य विसरलात. माझी पुडी ताप उतरवील, बाई. पण तो परत का येतो, ते माझ्या पुडीला विचारू नका. तुमच्या स्वयंपाकघराला विचारा."

मथुरा घरी आली. बोल मनाला लागला. पण हलवायाच्या घरात पथ्य म्हणजे नदीत कोरडं राहणं. कसं जमायचं? ती ओसरीवर बसून राहिली.

तेवढ्यात दारात एक म्हातारी आली. पाठीला बाक, डोक्यावर विरळ पांढरे केस, पण दात सगळे शाबूत. म्हणाली, "बाई गं, लांबून आले. तहान लागलीय. भूकही लागलीय."

आवडाबाईंनी पेढ्यांचं ताट आणलं. म्हातारीनं मान हलवली. बर्फीचं ताट आणलं. म्हातारीनं मान हलवली. जिलबीचं ताट आणलं. म्हातारी म्हणाली, "हे नको गं बायांनो. घोटभर ताक असलं तर द्या."

सासूनं सुनेकडं पाहिलं, सुनेनं सासूकडं पाहिलं. घागरी घागरी दूध येणाऱ्या घरात ताकाचा थेंब नव्हता! सगळं दूध कढईत जात होतं, कढईतून खव्यात जात होतं. रवी माळ्यावर पडून तिला कोळ्यांनी जाळी केली होती.

मथुरेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणाली, "आजी, आज नाही. पण उद्या या. मी माझ्या हातानं विरजण लावते. तोवर पाणी प्या, गूळ नको म्हणाल तर ज्वारीची भाकर करून देते."

म्हातारी हसली. "येते उद्या," म्हणाली आणि पाणी पिऊन गेली.

मथुरेनं शेजारून चमचाभर विरजण आणलं. कोमट दुधात घातलं, मडकं झाकलं. केरोबा म्हणाला, "अगं, दोन शेर खव्याचं दूध आहे ते." ती म्हणाली, "असू दे. दारची म्हातारी माघारी गेली, तर तुमचा पेढा मला गोड लागायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं रवी धुतली, दही घुसळलं, लोणी काढलं. म्हातारी आली. ताक प्याली. ओठ पुसले. मग आपण होऊन आत गेली. रेवू तापात पडली होती. म्हातारी तिच्याशेजारी बसली आणि तिनं काय केलं, पोरीच्या पोटावर कान ठेवला. बराच वेळ ठेवला. 

म्हातारी उठली. म्हणाली, "मथुरे, घरात माणसं उपाशी आहेत."

"आजी, आमच्या घरात कोण उपाशी?"

"तुझ्या घरात नव्हे. ह्या घरात." आणि तिनं पोरीच्या पोटावर हात ठेवला. "माणसाच्या कोठ्यात माझी लेकरं राहतात. मुंगीच्या डोळ्यातही मावतील एवढी बारकी. लाखांनी राहतात. तुम्ही भाकरी खाता, तिचा कोंडा ती खातात. तुम्ही भाजी खाता, तिच्या शिरा ती खातात. पोट भरलं की घर राखतात. परका रोग दारात आला की आरोळी ठोकतात. तुम्ही त्यांना काय घातलंत? नुसती साखर. साखरेवर उनाड पोसले, माझी लेकरं उपाशी मेली. वर जमालगोटा देऊन राहिलेलीही वाहून घालवलीत. आता दार राखायला आहे कोण?"

मथुरेनं तिचे पाय धरले. "आजी, चुकलं माझं. यावर काही उपाय?"

"आहे. कोठाईचा वसा आहे. घेशील?"

"घेते."

"घेशील आणि टाकशील."

"टाकणार नाही."

"मग ऐक. सात बुधवार दही घुसळून पहिली वाटी कोठाईच्या नावानं दारात आलेल्याला द्यावी. बाकीचे दिवस पोरीला सांभाळावं. ताप असेतो पेजेचं पाणी, त्यात चिमूटभर मीठ. ताप उतरला की मऊ भात, मुगाचं कढण, वर दोन चमचे ताजं ताक. दोनच. आठवड्यानं चार. मग ज्वारीची आंबील, मग पालेभाजी, मग भाकरी. पाणी उकळून निववलेलं. घासाआधी हात धुतलेले. शिळं नको. गोड सणाला, तेही जेवणावर. आणि सगळ्यात मोठा नेम, भूक लागल्यावाचून घास भरवू नये, घासाबरोबर धाक दाखवू नये. शास्त्र्याची पुडी बंद करू नये, त्याला विचारल्यावाचून नवं काही देऊ नये. ताप चढला की त्याला हाक मारायला लाजू नये. माझी लेकरं हळूहळू परत येतात, मथुरे. एका दिवसात कुणी गाव वसवत नाही. उतू नकोस, मातू नकोस."

एवढं म्हणून म्हातारी ओसरीवर आली, पायऱ्या उतरली. मथुरा मागोमाग धावली. आळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत कुणी नव्हतं.

मथुरा तशीच शास्त्रीबुवांकडं गेली. सगळं सांगितलं. शास्त्रीबुवांनी ऐकून घेतलं, मिशीत हसले. म्हणाले, "कोण म्हातारी मला ठाऊक नाही. पण इतके दिवस मी तुम्हांला दुसरं काय सांगतोय? करा."

मग वसा सुरू झाला. ताप उतरला, आवडाबाई पेढ्याचं ताट घेऊन उठल्या. मथुरेनं ताट धरलं.

"सासूबाई, आजपासून पोरीला गोड नाही."

"काय म्हणालीस?"

"मऊ भात आणि कढण."

"हलवायाच्या घरात पोरीला कढण? लोक म्हणतील, भट्टी विझली वाटतं यांची! माझ्या नातीच्या तोंडचा घास काढतेस? आई आहेस का कोण आहेस?"

मथुरेच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ताट सोडलं नाही.

पहिल्या दिवशी रेवूनं वाटी उडवली. कढण भिंतीवर गेलं. मथुरेनं भिंत पुसली, रागावली नाही. दुसऱ्या दिवशी रेवूनं वाटी उडवली. मथुरेनं जमीन पुसली, रागावली नाही. तिसऱ्या दिवशी रेवू वाटीकडं बघून किंचाळली, पाय आपटले, घर डोक्यावर घेतलं. केरोबा भट्टीवरून धावत आला. म्हणाला, "अगं, दे तिला एक पेढा. माझ्यानं बघवत नाही." मथुरा म्हणाली, "माझ्यानं तरी कुठं बघवतंय?" आणि तिनं स्वतः तीच वाटी उचलली, त्यातलं कढण प्याली आणि पोरीशेजारी गप्प बसून राहिली. ना विनवलं, ना दटावलं.

बुधवार आला. मथुरा दही घुसळायला बसली. रवी घुमायला लागली, घर्रर्र घर्रर्र. रेवू बिछान्यावरून उठून दारात आली.

"आई, ते काय करतेस?"

"लोणी शोधतेय."

"कुठं आहे?"

"आत आहे, पण हाक मारल्याशिवाय वर येत नाही. ये, दोरी धर."

रेवूनं दोरी धरली. हात दुखले, सोडली. पुन्हा धरली. शेवटी लोण्याचा गोळा वर आला तशी पोर टाळ्या पिटून हसली. मथुरेनं पहिली वाटी दारात आलेल्या गोसाव्याला दिली. मग रेवूला म्हणाली, "तू घुसळलंस, तूच चाखून बघ. आवडलं तर पी, नाही तर नको." पोरीनं बोट बुडवलं, चाटलं. तोंड वाकडं केलं. पुन्हा बोट बुडवलं.

असे तीन बुधवार गेले. पोर जिवावर आल्यासारखी खाई, चार घास खाई, तीन टाकी. मध्ये एकदा ताप येऊन गेला, पण तीन दिवसांचा दीडच दिवस राहिला. शास्त्रीबुवांची पुडी होतीच. आवडाबाई म्हणाल्या, "बघ, आला ना परत? कसली कोठाई नि कसलं काय!"  सासू वळल्यावर मथुरेनं पदरात तोंड खुपसलं. मनात आलं, खरंच मी वेडी तर नाही? पोरीला उपाशी मारीत तर नाही? मग तिनं डोळे पुसले, पेजेला आधण ठेवलं.

चौथा बुधवार गेला. अमावास्या आली. मथुरा पहाटेपासून पोरीच्या कपाळावर हात ठेवून बसली. कपाळ गार. दुपारी हात ठेवला. गार. दिवेलागणीला हात ठेवला, तर पोर म्हणाली, "आई, सारखा हात काय लावतेस?" अमावास्या गेली, ताप आला नाही.

आणि दुसऱ्या दिवशी काय झालं! मथुरा चुलीपुढं भाकरी थापत होती. रेवू अंगणात शेजारच्या पोरींबरोबर मातीत खेळत होती. खेळता खेळता धावत आली, चौकटीला धरून उभी राहिली, आणि म्हणाली,

"आई, भूक लागली."

मथुरेचा हात भाकरीवर तसाच राहिला. इतक्या वर्षांत तिनं हे शब्द ऐकले नव्हते. पोर रडली होती, हट्ट करून मागितलं होतं, पण भूक लागली म्हणून कधी आली नव्हती. भाकरी तव्यावर करपली. मथुरा पोरीला मिठी मारून हसत होती की रडत होती, तिचं तिला कळत नव्हतं. माजघरातून आवडाबाई आल्या. "काय झालं?" मथुरा म्हणाली, "सासूबाई, हिला भूक लागलीय!"  आवडाबाई खाली बसल्या आणि दुसरी भाकरी तव्यावर टाकली.

सात बुधवार पुरे झाले. पोरीच्या गालांवर रंग आला, पोट सपाट झालं, केसांना तेल न लावता तजेला आला. तीन महिने ताप फिरकला नाही.

मग काय झालं? मथुरा मातली. आळीतल्या बायका विचारायला यायच्या, तशी ही कंबरेवर हात ठेवून सांगायची, "माझ्या हातालाच गुण आहे." कोठाईचं नाव तिच्या तोंडून गेलं, शास्त्रीबुवांचं नाव गेलं. बुधवारी विरजण लावायचं राहिलं. पाणी उकळायचं राहिलं. म्हणाली, आता काय, पोर धड झाली.

त्यातच राजवाड्यात मोठं लग्न निघालं. केरोबाच्या भट्टीला उसंत नाही. दिवसरात्र घर कढयांत बुडून गेलं. रेवूकडं बघायला कुणाला वेळ नाही. वाड्यावरून परत आलेली बासुंदी कोपऱ्यात दोन दिवस राहिली, वरून उन्हाळ्याचे दिवस. रेवू आजीला म्हणाली, "आजी, दे ना थोडी." आजीला माया आली. वाटीभर दिली.

तिसऱ्या प्रहरी पोर ओकायला लागली. दुसऱ्या दिवशी ताप चढला. असा चढला, की आधीचे सगळे ताप त्यापुढं खेळणं. पोर बरळायला लागली, डोळे फिरवायला लागली. केरोबा अनवाणी धावला, शास्त्रीबुवांना घेऊन आला. शास्त्रीबुवांनी पाहिलं.  औषध उगाळून दिलं. मीठ-साखरेचं पाणी चमच्या चमच्यानं पाजायला सांगितलं. कपाळावर ओल्या घड्या ठेवायला सांगितल्या. "मी इथंच बसतो," म्हणाले आणि ओसरीवर बसून राहिले.

मथुरेनं पोर सासूच्या मांडीवर दिली आणि म्हातारीला शोधायला निघाली. नदीच्या घाटावर गेली. धुणाऱ्या बायकांना विचारलं, "पाठीत वाकलेली, सगळे दात असलेली म्हातारी पाहिलीत का?" नाही म्हणाल्या. धर्मशाळेत गेली. वाटसरूंना विचारलं. नाही म्हणाले. वेशीवरच्या मारुतीपाशी गेली. पुजाऱ्याला विचारलं. नाही म्हणाला. मथुरा तिथंच पायरीवर मटकन बसली. ऊन डोक्यावर होतं, पायाला फोड आले होते. म्हणाली, "माते, माझ्या तोंडानं मी मोठी झाले आणि तुला विसरले. शिक्षा मला दे, पोरीला नको."

कुणी बोललं नाही. वारा आला नाही, घंटा वाजली नाही. मथुरा बसली, बसली, आणि मग तिच्या मनात आलं, की मी इथं कुणाला शोधतेय? म्हातारीनं जे सांगायचं ते सांगून झालंय. करायचं ते घरी आहे. ती उठली आणि परत निघाली.

घरी आली तर आवडाबाई पोरीच्या पायाशी डोकं टेकून रडत होत्या. म्हणाल्या, "मथुरे, मीच दिली गं बासुंदी. माझ्या या हातांनी. मला घराबाहेर काढ."

मथुरेनं त्यांना उठवलं. "सासूबाई, तुम्ही वाटी दिलीत, मी वसा टाकला. कोण कुणाला बाहेर काढणार? उठा, चुलीवर पाणी ठेवा. उकळू द्या चांगलं."

मग दोघी बसल्या. एकीनं घड्या बदलल्या, एकीनं चमचा धरला. शास्त्रीबुवांनी वेळेवर औषध दिलं. केरोबानं भट्टी विझवली. आळीनं पहिल्यांदाच त्या घराचं धुराडं गार पाहिलं. एक दिवस गेला, दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी पोरीला घाम फुटला. कपाळ गार झालं. तिनं डोळे उघडले, आजीकडं पाहिलं. आवडाबाईंचा हात सवयीनं ताटाकडं गेला, मधेच थांबला, वळला आणि पेजेच्या भांड्याकडं गेला.

आता घरानं मिळून वसा घेतला. एकीचा वसा एकटा पडतो, घराचा वसा घर धरून ठेवतं. आवडाबाईंनी विरजण सांभाळलं. केरोबा ज्वारीची भाकरी खायला लागला आणि आपलं सुटलेलं पोट बघून आपणच हसायला लागला. मथुरेला कुणी विचारलं की ती सांगे, "नाव कोठाईचं, औषध शास्त्रीबुवांचं, काम घरातल्या सगळ्यांचं." पावसाळा गेला, हिवाळा गेला, पुन्हा उन्हाळा आला. चोवीस पंधरवडे गेले. ताप त्या घराचा रस्ता विसरला.

तेव्हा काय झालं, राजाच्या लेकीला ताप येऊ लागला. तिचं नाव सुनेत्रा. वय सहा वर्षं. सोन्याच्या ताटात बत्तीस पदार्थ वाढत, त्यातले गोड दोन ती चिवडी, बाकीचे तसेच परत जात. महिना झाला की ताप, महिना झाला की ताप. राजवैद्यांनी ताप उतरवावा, मुदपाकखान्यानं परत आणावा. राणीच्या डोळ्यांतलं पाणी खळेना. मग राजानं दवंडी पिटली, लेकीचा ताप कायमचा घालवील त्यानं वाड्यावर यावं.

त्रिंबकशास्त्री वाड्यावर गेले. म्हणाले, "महाराज, मी वैद्य आहे, पण यात माझ्याहून हलवायाची बायको शहाणी. तिला बोलवा."

मथुरा निघाली. बरोबर रेवू निघाली. एकीच्या डोक्यावर ताकाचं मडकं, एकीच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी. दारावर पहारेकरी हसले. "पेढे कुठायत?" मुदपाकखान्यापाशी आचारी हसला. "बत्तीस पदार्थांनी जे जमलं नाही, ते भाकरीनं जमणार?" महालात दासी हसल्या. मथुरा तशीच पुढं राणीपाशी गेली.

राणी म्हणाली, "बाई, कुठला मंत्र म्हणणार? कुठला यज्ञ सांगणार?"

मथुरा म्हणाली, "राणीसाहेब, मंत्र नाही. आधी लेकीपुढचं ते ताट उचलायला सांगा. आणि भरवणाऱ्या दासींना जरा बाहेर जाऊ द्या."

ताट गेलं, दासी गेल्या. मथुरा बाजूला सरली. रेवू पुढं झाली. तिनं आपलं फडकं सोडलं, राजकन्येसमोर जमिनीवर बसली, भाकरी कुस्करली, ताक ओतलं, मिठाचा खडा फोडून घातला आणि खायला लागली. काय खात होती बाई! बोटं चाटून, डोळे मिटून. त्या दिवशी अंगात ताप नव्हता, राजाची लेक पलंगावरून बघत राहिली. थोडी पुढं सरकली. आणखी पुढं सरकली. मग म्हणाली, "ए, ते काय आहे?"

"माझी भाकरी."

"मला दे."

"भूक लागलीय का?"

राजकन्येनं विचार केला. असा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. "माहीत नाही," म्हणाली.

"मग आधी माझ्याबरोबर खेळ. भूक लागली तर देते."

दोघी अंगणात गेल्या. धावल्या, पडल्या, मातीत लोळल्या. दासी हाय हाय करीत होत्या, राणी त्यांना खुणेनं थांबवीत होती. ऊन कलायला लागलं तशी राजाची लेक धापा टाकत आली, मथुरेनं तिचे हात धुतले, आणि तिनं रेवूच्या शेजारी मांडी घालून पहिला घास आपल्या हातानं खाल्ला. चार घास खाल्ले. राणी खांबाआड उभी राहून रडली.

त्या दिवसापासून राणीनं वसा घेतला. स्वतः दोरी धरून दही घुसळलं. हाताला घट्टे पडले, ते मिरवले. राजवैद्यांना विचारून एकेक पदार्थ वाढवला. पहिल्या महिन्याला ताप आला, पण अर्धाच राहिला. दुसऱ्या महिन्याला नुसतं अंग कोमट झालं. तिसऱ्या महिन्याला आलाच नाही. चौथ्या महिन्यात राजाची लेक मुदपाकखान्याच्या दारात उभी राहिली आणि ओरडली, "मला भूक लागली!" आधी हसलेल्या आचाऱ्यानं हातातला झारा खाली ठेवला आणि मथुरेच्या घराच्या दिशेनं हात जोडले.

राजाला आनंद मावेना. म्हणाला, "नगरात हत्तीवरून साखर वाटा!"

राणी हसली. म्हणाली, "महाराज, साखरेनंच तर आपल्याला इथवर आणलं. हत्ती येऊ द्या, साखर नको."

मग नगरात कधी झालं नव्हतं ते झालं. हत्ती शृंगारला, झूल घातली, घंटा बांधल्या. अंबारीत ताकाचे माठ चढले, आंबिलीचे हंडे चढले. अंबारीत पुढं कोण बसलं? एका बाजूला राजाची लेक, एका बाजूला हलवायाची लेक, दोघींच्या हातांत वाढायचे डाव. सनई वाजली, चौघडा वाजला. घराघरांतून माणसं वाट्या घेऊन धावली, पोरं पेले घेऊन धावली, कुणी ओंजळच पुढं केली. रेवू वरून ओरडत होती, "सावकाश! सगळ्यांना आहे!" हलवायांच्या आळीत हत्ती शिरला तसे आवडाबाईंनी दोन्ही हात वर केले. पहिली ओंजळ त्यांनी धरली. ताक कोपरावरून ओघळलं, लुगडं भिजलं, म्हातारी खदखदून हसली. केरोबा भट्टीपाशी उभा राहून टाळ्या वाजवीत होता. मथुरा गर्दीत मागं उभी होती. मागून पालखीतून येणाऱ्या राणीनं तिला पाहिलं, पालखी थांबवली, खाली उतरली आणि हाताला धरून आपल्या बरोबरीनं चालवलं. नगरानं जयजयकार केला. आधी कोठाईचा, मग मथुरेचा.

त्या दिवसापासून त्या नगरात पोराला ताप आला की वैद्याला हाक जाते, आणि ताप गेला की रवीला हात लागतो. पेढे सणाला होतात, जेवणावर एक खातात आणि गोड मानून घेतात.

कोठाई माते, मथुरेचं चुकलं तसं आमचंही चुकेल, तिला सावरलंस तसं आम्हांलाही सावर. ज्यांची लेकरं तापानं कोमेजलीत त्यांच्या घरात रवी घुमू दे, पोरांचे गाल फुलू दे. ऐकणाऱ्या प्रत्येकीच्या दारात तिचं मूल धावत येऊ दे आणि "आई, भूक लागली" म्हणू दे. ही कहाणी साठ जणींच्या तोंडी फिरली, पाच बोटांच्या घासात मावली, तिथंच फळाला आली आणि संपूर्ण झाली.